सशाचे पोट बिघडले तर



गाई-म्हशी, बैलजोडी, शेळ्या, कोंबड्या यांच्याबद्दल आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज एका लहान जनावराबद्दल बोलायचे आहे. ते हंबरत नाही, ओरडत नाही, आणि दुखले-खुपले तरी सांगत नाही. ते जनावर म्हणजे ससा.

आपण म्हणाल, ससा हा काय शेतकऱ्याचा विषय झाला? पण जरा आजूबाजूला बघा. कुणी आठवडी बाजारातून मुलांच्या हट्टाखातर जोडी आणलेली असते. कुणी दोन माद्या आणि एक नर पाळून पिल्ले विकतो. गोठ्याच्या कडेला किंवा पडवीत एखादा जाळीचा पिंजरा असतो आणि त्यात हा पाहुणा बसलेला असतो. मुलांचा त्याच्यावर भारी जीव. आणि मग एके दिवशी काय होतं, काल उड्या मारणारा ससा आज कोपऱ्यात अंग आखडून बसतो आणि उद्या सकाळी आडवा झालेला दिसतो. घरातले म्हणतात, दृष्ट लागली. कुणी म्हणतं, मांजराला भ्यायला. भीतीनेही ससा दगावतो हे खरे. पण पुष्कळ वेळा कारण पोटात असते, आणि त्याची खूण एक-दोन दिवस आधीच पिंजऱ्याखाली पडलेली असते. ती कशी ओळखायची आणि घरच्या घरी काय करायचे, तेवढेच आज पाहू.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. शेतात नांगरताना किंवा कापणीच्या वेळी सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणू नका. रानससा आणि आपला पाळीव ससा ही दोन वेगळी जनावरे आहेत. रानससा पकडणे, पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय असे पिल्लू घरी सहसा जगतही नाही. त्याची आई जवळपासच असते. ते जिथे दिसले तिथेच, जवळच्या आडोशाला ठेवून द्यावे.

सशाचे पोट कसे चालते?

गाय चारा खाते, मग निवांत बसून रवंथ करते. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. सशाचे तसे नाही. त्याचे जठर एकच. पण लहान आतडे संपते तिथे त्याला एक मोठी पिशवी असते. गवतातला जो भाग सहज पचत नाही, तो या पिशवीत जाऊन आंबतो. दह्यात जसे विरजणाचे जंतू, तसे या पिशवीत कोट्यवधी उपयोगी जंतू असतात. तेच सशासाठी चारा पचवतात. म्हणजे सशाला जगवणे म्हणजे एका अर्थी या जंतूंना जगवणे, हे पक्के ध्यानात ठेवा.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक आपण रोज पाहतो ती, गोल, कोरडी, वाटाण्याएवढी. दुसरी लेंडी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखी एकमेकींना चिकटलेली असते. ही बहुधा रात्री किंवा पहाटे येते, आणि ससा ती खाली पडू न देता तोंडाने घेऊन गिळून टाकतो. कुणी हे पाहिले की म्हणतो, शी, ससा घाण खातो! पण ही घाण नव्हे. तिच्यात प्रथिने आणि जीवनसत्त्वे असतात. गाईचा रवंथ तसा सशाचा हा दुसरा घास. त्याला त्यापासून कधी रोखू नका.

आणखी दोन गोष्टी. सशाला ओकारी होत नाही. एकदा पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. आणि त्याचे आतडे सारखे हलते राहते ते जाड तंतूंच्या चाऱ्यामुळे, म्हणजे गवतामुळे. गवत कमी पडले की आतडे मंदावते. आतडे मंदावले की जठरातले खाणे सुकून घट्ट होते, पिशवीत नको ते जंतू वाढतात, वायू धरतो, पोट दुखते. पोट दुखले की ससा खाणे सोडतो, आणि खाणे सोडले की आतडे आणखी थांबते. चाक चिखलात रुतावे तसे होते. जितका उशीर तितके ते खोल जाते.

पूर्वी म्हणत, सशाने अंग चाटून चाटून केस गिळले, त्यांचा गोळा पोटात अडकला, म्हणून तो मेला. केस तर प्रत्येक ससा रोजच गिळतो आणि ते लेंडीवाटे निघूनही जातात. आता असे दिसून आले आहे की बहुतेक वेळा आधी आतडे मंदावते आणि मग केसांचा गोळा जमतो. म्हणून उपाय गवत आणि पाणी यांचाच.

रोजची तपासणी

सकाळी झाडलोट करताना पिंजऱ्याखाली नजर टाकायची सवय ठेवा. धडधाकट ससा दिवसाला शंभराहून जास्त लेंड्या टाकतो. त्या एकसारख्या, गोल आणि फोडल्यावर आत गवताचा भुसा दिसेल अशा असाव्यात. लेंड्या लहान झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, केसांनी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या दिसल्या किंवा कमी पडल्या, तर समजा की पोट मंदावायला लागले.

एका वस्तीवर पाचवीतल्या एका मुलीला मी हे एकदाच सांगितले होते. तिने रोज शाळेत जाण्यापूर्वी पिंजऱ्याखालचा पत्रा पाहण्याचा नेम धरला. पावसाळ्यात एके दिवशी तिला पत्र्यावर जेमतेम दहा-बारा बारीक लेंड्या दिसल्या. ससा तेव्हा चालत-फिरत होता, मोठ्यांच्या काही ध्यानातही आले नव्हते. पण तिने घर डोक्यावर घेतले, बापाला दवाखान्यात पाठवले, आणि ससा वाचला. एक दिवस आधी कळले, एवढाच काय तो फरक. हे काम घरातल्या मुलांवर जरूर सोपवा. मुले ते मोठ्यांपेक्षा नीट करतात.

बाकीच्या खुणा अशा. ससा आवडता पाला समोर धरला तरी तोंड फिरवतो. पाठ वर काढून अंग आखडून बसतो. डोळे अर्धवट मिटतो. दात करकर वाजवतो. पोट जमिनीला दाबून पसरतो आणि परत जागा बदलतो. कान गार लागतात. या पोटदुखीच्या खुणा आहेत.

आता घरी काय करायचे? पोटाचे बिघाड चार तऱ्हेचे असतात. आधी आपल्या सशाचा कोणता, ते ठरवा.

पहिला प्रकार : मागे मऊ शेण चिकटते, पण ससा खातो-पितो

पुष्कळांना ही हगवण वाटते. ती हगवण नव्हे. कोरड्या लेंड्या चांगल्या येत असतात, फक्त ती मऊ लेंडी ससा खात नाही आणि ती मागे माखते. कारण बहुधा दाणा जास्त आणि गवत कमी हे असते. किंवा ससा इतका लठ्ठ झालेला असतो की त्याचे तोंड मागे पोचत नाही. अशा वेळी ज्वारी, बाजरी, मका, भाकरी, बिस्किटे सगळे बंद करा. आठ-दहा दिवस वाळलेले गवत भरपूर आणि थोडा सवयीचा पाला, एवढेच द्या. मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन, केस कापून, फडक्याने पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात हे रोज बघावे लागते. घाण राहिली की माशी बसते, अंडी घालते आणि दिवसाभरात जिवंत मांसात अळ्या पडतात.

दुसरा प्रकार : खाणे बंद, लेंड्या बंद किंवा अगदी कमी

सशाला उपास सोसत नाही. बैल एक दिवस खाल्ले नाही तर फार बिघडत नाही. ससा बारा तास काही खात नसेल तर ती काळजीची गोष्ट आहे, आणि चोवीस तासांनी त्याच्या यकृतावर परिणाम होऊ लागतो. म्हणून “बघू उद्या” म्हणू नका.

आधी पोट हलक्या हाताने चाचपा. ते मऊ असेल तर पुढील उपाय करा. ससा शांत जागी ठेवा, कुत्र्या-मांजराचा वावर नको. थंडी असेल तर पोत्याची ऊब द्या, ऊन असेल तर गारव्याला न्या. स्वच्छ पाणी पसरट वाटीत समोर ठेवा. आजारी ससा नळीतून पाणी प्यायचे टाळतो, वाटीतून पितो. कोथिंबीर, मेथी किंवा हरळी असा सवयीचा ताजा पाला पाण्यात बुडवून ओलाच तोंडापुढे धरा. त्यामुळे पाला आणि पाणी दोन्ही पोटात जाते. वाळलेले गवत समोर राहू द्या. मधूनमधून त्याला मोकळे सोडा, चार पावले चालला तरी आतडे हलते.

तरीही खात नसेल तर लसूणघासाचा किंवा गवताचा वाळलेला पाला अगदी बारीक कुटून, वस्त्रगाळ करून, कोमट पाण्यात पातळ कालवा. बिनसुईची पिचकारी घ्या. समोरच्या दातांच्या मागे बाजूला जी मोकळी जागा असते, तिथून एका वेळी एक मिलिलिटर सोडा. ससा चघळून गिळेल, मग पुढचा घोट. दोन किलोच्या सशाला सुरुवातीला एका वेळी दहा मिलिलिटर पुरे. दर तीन-चार तासांनी द्या. डोके वर करून, नरड्यात ओतून मात्र कधीही पाजू नका. जनावराला बांबूच्या नाळीने तेल पाजायची आपली सवय आहे. सशाला तसे पाजले तर ते फुफ्फुसात जाते आणि पोटाचे दुखणे राहते बाजूला. हे उपाय डॉक्टर भेटेपर्यंतचे आहेत. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसरा प्रकार : पोट ढोलासारखे फुगलेले

पोट ताणलेले, टणक, टिचकी मारली तर ढोलासारखे वाजणारे असेल, तर घरी काहीही पाजू नका, पोट चोळू नका. आतडे कुठेतरी अडलेले असण्याची शक्यता असते. पाजल्याने जठर आणखी ताणले जाते. गाईच्या पोटफुगीवर आपण देतो ते गोडे तेल आणि टर्पेंटाइन इथे बिलकुल नको. इथे तासांचा हिशेब आहे. ससा टोपलीत गवतावर ठेवा आणि निघा.

चौथा प्रकार : पाण्यासारखी हगवण

हे बहुतेक करून पिल्लांत होते, विशेषतः आईपासून तोडल्यानंतरच्या दिवसांत. चार ते सहा आठवड्यांची पिल्ले आईपासून तोडली, त्याच दिवशी जागा बदलली, त्याच दिवशी खुराक बदलला, की कोवळ्या आतड्याला ते झेपत नाही. दुसरे मोठे कारण म्हणजे कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी. कोंबड्यांना रक्ती हगवण होते, त्याच जातकुळीतला हा रोग, पण सशाचा कॉक्सिडिया वेगळा. पोट सुटते, वजन घटते, केस राठ होतात, पिल्ले पटापट मरतात. लेंडीतून पडलेली या परजीवीची अंडी ओलाव्यात एक-दोन दिवसांनी रोग पसरवण्याजोगी होतात. म्हणून लेंड्या रोजच्या रोज काढल्या आणि पिंजरा कोरडा ठेवला की रोगाची साखळीच तुटते. फुकटातला एवढा मोठा उपाय दुसरा नाही.

हगवण लागलेले पिल्लू वेगळे करा, ऊब द्या, पाणी समोर ठेवा, हिरवा पाला व दाणा बंद करून नुसते वाळलेले गवत द्या. लेंडीचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन पिल्लासह दवाखान्यात जा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डॉक्टर औषध ठरवतील.

हे करू नका

माणसाच्या औषधाची उरलेली गोळी सशाला देऊ नका. ही चूक जीवावर बेतते. पोराच्या सर्दी-खोकल्याच्या उरलेल्या कॅप्सूलमधली चिमूटभर पूड पाण्यात कालवून पाजली आणि तीन दिवसांत ससा गेला, असे एका घरी झाले. अॅम्पिसिलीन, अॅमॉक्सिसिलीन यांसारखी प्रतिजैविके माणसाला चालतात. सशाच्या तोंडावाटे दिली तर पोटातले ते उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात, आणि औषधच रोग होते. जुलाब थांबवायची माणसाची गोळीही नको. ती आतड्याची हालचाल थांबवते, आणि सशाला तेच तर घातक.

मोठ्या सशाला दूध-ताक पाजू नका, त्याला दुधातली साखर पचत नाही. हिंग-ओव्याच्या काढ्यावर विसंबून वेळ घालवू नका. आणि उचलताना कान धरून लोंबकळवू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घ्या. ससा जोरात लाथ झाडतो आणि आधार नसला तर त्याचा कणा मोडतो.

पोट बिघडूच नये म्हणून

औषधापेक्षा पथ्य बरे. सशाचे पथ्य सोपे आहे. मारवेल, पवना, हरळी असे स्वच्छ वाळलेले गवत त्याच्यापुढे रात्रंदिवस असावे. हाच त्याचा मुख्य आहार. त्यामुळे आतडेही चालते आणि दातही झिजतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजले नाहीत तर वाढून गालात-जिभेत रुततात, ससा चावू शकत नाही, आणि आपण समजतो पोट बिघडले. म्हणून खाणे बंद झाले की तोंडही बघावे. लाळ गळत असेल तर दुखणे दातांचे असू शकते.

हिरवा पाला थोडा सुकवून द्या. मेथी, कोथिंबीर, तुतीचा पाला चांगला. लसूणघास माफक द्या. कोबी थोडाच, तो वायू धरतो. सुबाभळीचा पाला एखाद-दुसरी फांदी ठीक, रोजचा नको, त्यात सशाला बाधणारे द्रव्य असते. ज्वारीचे कोवळे पोंगे जनावराला विषारी, तसेच सशालाही. घाणेरीचा पाला नको. फवारणी झालेल्या शेतातले किंवा बांधावरचे गवत तर मुळीच नको. कापून ढीग लावलेले ओले गवत आतून गरम होते, आंबते. ते पसरून सुकवल्याशिवाय देऊ नका.

खुराक दोन किलोच्या सशाला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, पुरे. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला अधिक लागतो, तो हळूहळू वाढवावा. शेंगदाण्याची पेंड आणि मका बुरशी लागलेला अजिबात घालू नका. बुरशीच्या विषाला ससा फार लवकर बळी पडतो. कोणताही नवीन चारा सुरू करायचा तर आठ-दहा दिवस जुन्यात थोडा थोडा मिसळून सुरू करा. आणि सणावाराला जपा. गणपतीत मोदक, दिवाळीत करंजी-शंकरपाळे मुले मोठ्या प्रेमाने सशाला भरवतात. त्या प्रेमानेच त्याचे पोट बिघडते. गूळ, साखर, भात, मैदा सशासाठी नाही. हे मुलांना रागावून नव्हे, समजावून सांगा.

उन्हाळ्यात विशेष लक्ष हवे. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. पारा तिशीपलीकडे गेला की तो धापा टाकतो, खाणे कमी करतो आणि तिथूनच पोटाचे दुखणे सुरू होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवणे म्हणजे त्याला भाजणेच. झाडाची दाट सावली, भोवती ओले पोते आणि दिवसातून दोनदा बदललेले पाणी ठेवा. धडधाकट सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी कमी प्यायला की खाणेही कमी होते.

दवाखान्यात जाताना

डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा. शेवटचे कधी खाल्ले, शेवटची लेंडी कधी पाहिली, काय खाऊ घातले, चाऱ्यात काय बदल केला आणि घरी काय पाजले. काहीही लपवू नका. सोबत लेंड्या न्या. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकीय मदत मागता येते. काही जण म्हणतात, सशाच्या किमतीपेक्षा जाण्या-येण्याचाच खर्च जास्त. हिशेब म्हणून ते खरेही असेल. पण ज्या पोराने त्याला रोज पाला घातला, त्याच्या लेखी तो हिशेब नसतो. आपल्या हाताखालच्या मुक्या जिवाचे दुखणे आपण ओळखायचे असते, हे मूल आपल्याकडे पाहूनच शिकते. आज सशासाठी धावलेला मुलगा उद्या गोठ्यातल्या गाईकडेही त्याच नजरेने बघेल.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. गवत कायम समोर, दाणा मुठीएवढा, पाणी भरपूर.
२. रोज सकाळी लेंड्या पाहा आणि रोजच्या रोज काढा.
३. बारा तास खाणे बंद म्हणजे धोका. वाट पाहू नका.
४. पोट मऊ तर पातळ चारा जपून पाजा. पोट टणक तर काहीही न पाजता दवाखान्यात जा.
५. माणसाची गोळी सशाला कधीही नको.
६. चाऱ्यातला बदल आठ-दहा दिवसांत, हळूहळू करा.

हे पत्रक पिंजऱ्याजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा. वेळेला शोधत बसावे लागणार नाही.